केतुमतीचं रक्त

अंजना सतीची कथा ज्या दिवशी लागते त्या दिवशी बस्तीत बायका नेहमीपेक्षा जास्त येतात. एरवी चातुर्मासातल्या दुपारच्या स्वाध्यायाला आम्ही दहा-बारा जणी. कुणाचे गुडघे दुखतात, कुणाचा नातू शाळेतून यायचा असतो. पण माताजींनी आदल्या दिवशी सांगितलं, 'उद्या अंजनेला घराबाहेर काढणार,' की दुसऱ्या दिवशी चटया कमी पडतात. आणि त्या प्रसंगाला सगळ्या रडतात. मीही तीस वर्षं रडत आले. माहेरी आजीच्या मांडीवर ऐकली तेव्हा रडले, लग्न होऊन हुबळीला आल्यावर इथे ऐकली तेव्हाही रडले.

यंदा रडू आलं नाही. कथा तीच होती आणि सांगणाऱ्या माताजींचा गळाही गोड होता. पण मधल्या काळात मला एक गोष्ट कळली होती, आणि त्यामुळे माझं लक्ष अंजनेवरून उडून तिच्या सासूवर जाऊन बसलं. केतुमतीवर. त्याबद्दलच लिहायचं आहे.

कथा बहुतेकींना पाठ असेल, तरी तिचे काही सांधे पुन्हा सांगते, कारण कीर्तनात नेमके तेच गळतात. वाल्मीकींच्या रामायणात हनुमान वायुदेवाचा मुलगा. तिथे पिता देव आहे, म्हणून विचारायचं कुणी, आणि कुणाला? आपल्या कवींनी तो देव काढून टाकला. विमलसूरींच्या प्राकृत पउमचरियात आणि सातव्या शतकातल्या रविषेणाचार्यांच्या संस्कृत पद्मपुराणात हनुमानाचा बाप पवनंजय नावाचा सरळ एक राजपुत्र आहे. प्रल्हाद राजाचा आणि केतुमतीचा मुलगा. (हा प्रल्हाद वेगळा, खांबातून नरसिंह आला तो नव्हे.) आपल्या कवींना अद्भुत नको होतं, माणसासारखं माणूस हवं होतं. पण देव काढला आणि त्या जागी नवरा ठेवला, की गोष्टीत एक नवा प्रश्न येऊन उभा राहतो. देवाच्या मुलाला कुणी विचारत नाही. नवऱ्याच्या मुलाला विचारतात, तू त्याचाच कशावरून?

पवनंजयाने लग्नाआधी चोरून अंजनेला पाहिलं. तिची एक सखी दुसऱ्याच एका राजपुत्राची तारीफ करत होती आणि अंजना गप्प बसली होती. एवढ्याच कारणावरून तो रागावला. तिच्याशी लग्न केलं ते टाकण्यासाठीच. बावीस वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. मग रावणाच्या बाजूने वरुणाशी लढायला निघाला, वाटेत मानससरोवराच्या काठी मुक्काम पडला, तिथे रात्री जोडीदारावाचून तळमळणारी एक चक्रवाकी दिसली, आणि एका पक्षिणीवरून त्याला बायको आठवली. मित्र प्रहसित बरोबर होता. दोघं लपून परत आले. पवनंजय अंजनेच्या महालात राहिला आणि कुणाला न भेटता पुन्हा छावणीकडे गेला.

आता गळणारा सांधा. जाताना अंजना त्याला सांगते की आई-वडिलांना सांगून जा. मला दिवस गेले तर लोक काय म्हणतील? हे तिला तेव्हाच, त्या रात्रीच कळलेलं आहे. आणि तो म्हणतो, मी एकदा त्यांचा निरोप घेऊन निघालोय, आता पुन्हा कसा जाऊ, लाज वाटते. हातातलं आपल्या नावाचं कडं काढून देतो, दिसू लागायच्या आत मी परत येतो म्हणतो आणि जातो.

रविषेणांचा मला इथे फार आदर वाटतो. तेराशे वर्षांपूर्वीच्या एका मुनींनी, ज्यांना संसाराशी काही देणंघेणं नाही, त्यांनी हे एवढं संभाषण लिहून ठेवलं. दोष कुठून सुरू झाला ते बोट ठेवून दाखवलं. नवऱ्याला लाज वाटली म्हणून बायकोची अब्रू गेली. पण आमच्याकडे कथा सांगताना हे दोन मिनिटांत उरकतात. मग शील, धैर्य, उपसर्ग सहन करणं यावर पाऊण तास.

पुढे काय झालं ते ठाऊकच आहे. पोट दिसू लागलं. केतुमतीने विचारलं. अंजनेने कडं दाखवलं. तिची सखी वसंतमाला साक्ष द्यायला उभी राहिली. केतुमती म्हणाली, बावीस वर्षं ज्याने तुझं नाव काढलं नाही तो एका रात्रीत कसा येईल? कडं काय, कसंही मिळतं. आणि दासी तुझीच, ती तुझ्याच बाजूने बोलणार. गर्भार सुनेला माहेरच्या गावाच्या वेशीवर नेऊन सोडलं. माहेरीही बापाने दार उघडलं नाही. मग अरण्य, गुहा, बाळंतपण आणि प्रतिसूर्य मामा.

खटला म्हणून पाहिलं तर मामला असा: बाप गैरहजर. एक वस्तू पुरावा म्हणून आहे, ती नाकारली. एक साक्षीदार आहे, ती गरीब आणि बाईच्या बाजूची म्हणून नाकारली. दुसरा साक्षीदार, प्रहसित, बापाबरोबरच रणांगणावर. न्यायाधीश कोण, तर बापाची आई. यंदा मी या न्यायाधीशाच्या आसनापाशी अडकले त्याचं कारण आमच्या गोकुळ रोडवरच आहे.

गोकुळ रोड माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हुबळीच्या विमानतळाकडे जाणारा हा रस्ता. नवं बसस्टँड याच रस्त्यावर, कारखान्यांची वसाहत इथेच, आणि आता दोन्ही अंगांना अपार्टमेंटं. कन्नड, मराठी, कोकणी, मारवाडी, सगळे एका जिन्यात. आमच्याच जिन्यातली एक मुलगी आहे. नाव सांगत नाही, ओळखू येईल असं काही लिहीत नाही, आणि तिला विचारून लिहितेय. नवरा पुण्याला नोकरीत. दोघांचं पटत नव्हतं, दोनेक वर्षं ती इथे आईजवळ राहत होती. 2021च्या होळीला तो आला. आपल्या आई-वडिलांकडे गेला नाही, कारण त्यांनी समेटाला मोडता घातला होता. इथे, आमच्या जिन्यात, पाच दिवस राहिला. मी त्याला वॉचमनशी बोलताना पाहिला होता. मग परत गेला. एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या लाटेत पुण्यातच वारला. शेवटचं दर्शनसुद्धा कुणाला मिळालं नाही. मुलीला दिवस गेलेत हे त्याला कळलं की नाही, हे ती आजही धडपणे सांगू शकत नाही. फोनवर सांगितलं होतं, पण तो तेव्हा ऑक्सिजनवर होता. डिसेंबरात मुलगी झाली.

सासरच्यांनी विचारलं, कशावरून? तिने बसचं तिकीट दाखवलं, त्याच्या फोनवरून आलेलं. तिकीट कुणीही काढतं, असं उत्तर आलं. फोटो दाखवला, तो जुना असेल म्हणाले. तिची आई साक्ष द्यायला उभी राहिली, ती तर आईच. विम्याचे पैसे होते, पुण्याचा एक फ्लॅट होता, त्यामुळे प्रश्न नुसता अब्रूचा नव्हता. पण अब्रूचाच करून मांडला गेला, तसाच तो मांडतात.

गोष्ट पुराणाशी एवढी जुळते की पद्मपुराण लागलं तेव्हा मीच दचकले. पण दचकायच्या आधीचं माझं वागणं सांगायला हवं. मी तिला म्हटलं होतं, 'अगं, आता कसली काळजी? डीएनए टेस्ट करून टाक की. दूध का दूध, पानी का पानी.' आपण किती सहज म्हणतो! मी तर मालिकेत पाहिलेलं बोलत होते. मालिकेत एक लिफाफा येतो, कुणीतरी तो फोडतं आणि सासू रडत पाया पडते.

ती म्हणाली, 'काकू, मी केव्हाच तयार आहे. पण ते वारलेत. आता टेस्ट करायची तर सासूबाईंचं आणि मामंजींचं रक्त लागतं. ते देत नाहीत.'

मला हे ठाऊकच नव्हतं. तुम्हाला आहे का? म्हणून जरा सविस्तर सांगते. नंतर मी तिच्या वकीलबाईंकडून आणि आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडून समजून घेतलं.

मुलाच्या अंगातला डीएनए अर्धा आईचा, अर्धा बापाचा. प्रयोगशाळा त्यातल्या ठरावीक पंधरा-वीस जागा पाहतात. आईकडून काय आलं ते बाजूला काढायचं, उरलेलं बापाशी जुळतं का ते बघायचं. बाप हजर असेल तर हे काम सरळ आहे. गालाच्या आतून कापूस फिरवला तरी पुरतो. बाप वारला असेल तर आधी त्याचं काही मागे उरलंय का हे शोधतात. दवाखान्यात रक्ताचा नमुना ठेवलेला, ऑपरेशनच्या वेळी तपासणीला दिलेला मांसाचा तुकडा मेणात जपलेला, दाढीचा ब्रश, दात घासायचा ब्रश. परदेशात थडगं उकरतात. साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध स्पॅनिश चित्रकाराचं 2017च्या जुलैत उकरलं होतं. एका बाईचं म्हणणं होतं की आपण त्याची मुलगी. नव्हती, असं निघालं. आपल्यात दहन. राखेत यांना हवं ते काही उरत नाही. आणि कोविडच्या त्या दिवसांत कुणाचा ब्रश कोण जपून ठेवणार? आम्ही तर गेलेल्या माणसाचे कपडेसुद्धा जाळले.

मग उरतात जिवंत नातेवाईक. बापाचे आई-वडील दोघंही मिळाले तर उत्तर जवळजवळ बापाइतकंच पक्कं येतं, कारण बापाच्या अंगात जे होतं ते सगळं या दोघांतूनच आलेलं. एकटी आजी किंवा एकटे आजोबा असले तर उत्तर कमजोर पडू शकतं. नातू असेल तर आणखी एक वाट आहे. वाय नावाचं गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, म्हणून आजोबा, काका, चुलतभाऊ कुणाचंही चालतं. पण त्यात खोच अशी की ते सगळ्यांचं एकच असल्यामुळे बाप की काका हे त्यावरून सांगता येत नाही. एकत्र कुटुंबात हे वाक्य कुणी मोठ्याने उच्चारू नये, पण आहे ते असं आहे.

आणि नात असेल तर? हे ऐकून मी दोन दिवस तेच घोळवत होते. मुलीला दोन एक्स गुणसूत्रं. एक आईकडून आणि एक बापाकडून. बापाकडे एक्स एकच असतो आणि तो त्याला त्याच्या आईनेच दिलेला असतो. म्हणजे नातीच्या अंगातला एक एक्स सबंधच्या सबंध आजीचा. सून ज्या मुलीला घेऊन दारात उभी आहे, तिच्या प्रत्येक पेशीत सासूबाईंचा वाटा आहे, आणि तो तपासायला सासूबाई एकट्या पुरेशा होतात. मुलगा नसला तरी, सासरे नसले तरी.

इथे मला केतुमती दिसली. (हनुमान मुलगा होता, त्याच्यासाठी प्रल्हाद राजालाही बसवावं लागलं असतं, हे मान्य.) बावीस वर्षांचा हिशेब मांडणारी, कडं उलटसुलट करून पाहणारी ती राणी. पुरावा कुठे आहे, पुरावा कुठे आहे, असं विचारत होती, आणि पुरावा तिच्याच नसांतून वाहत होता. तिला ते माहीत असणं शक्य नव्हतं, म्हणून त्या काळच्या केतुमतीला मी दोष देत नाही. आजच्या केतुमतीला वकिलाने ते समजावून सांगितलेलं असतं. आमच्या जिन्यातल्या मुलीकडे सासरच्यांनी टेस्टचा धोशा लावला होता, भर लग्नघरात चारचौघांत. तुमचं रक्त लागेल म्हटल्यावर 'विचार करून सांगतो' झालं. त्याला आता तीन वर्षं होऊन गेली.

पुष्कळ जणी म्हणतील, कायदा काय करतो मग? कायदा आपल्याला वाटतं त्यापेक्षा शहाणा आहे आणि वाटतं त्यापेक्षा हळू. 1872चा पुराव्याचा कायदा होता, त्याचं 112वं कलम. आता 1 जुलै 2024पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात तेच 116वं आहे. लग्न टिकून असताना जन्मलेलं, किंवा नवरा गेल्यावर 280 दिवसांच्या आत जन्मलेलं आणि आईने दुसरं लग्न केलेलं नसेल, तर ते मूल त्याचंच. तो तिच्यापर्यंत पोचूच शकत नव्हता हे दाखवल्याशिवाय ही गोष्ट मोडता येत नाही. दाखवायचं कुणी? जो नाही म्हणतो त्याने. आमच्या वकीलबाई म्हणूनच मुलीला सांगत होत्या की तू कशाला टेस्टच्या मागे लागतेस, तुझी बाजू कायद्याने आधीच धरलेली आहे.

मला हे कलम वाचून एक गंमत वाटली. केतुमतीच्या दरबारात हे असतं तर अंजनेला काहीच सिद्ध करावं लागलं नसतं. पवनंजय येऊ शकतच नव्हता, हे केतुमतीला सिद्ध करावं लागलं असतं. आणि मानससरोवरावरून एका रात्रीत तो येऊ शकत होता, विद्याधरच तो.

पण विज्ञान आलं आणि कलमाला धक्के बसू लागले. आपल्या देशात पितृत्वाच्या खटल्यात डीएनएचा पुरावा पहिल्यांदा आला तो 1989 साली केरळात, थलश्शेरीच्या कोर्टात. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या डॉ. लालजी सिंह यांनी तपासणी केली होती. बाप नाकारत होता, आणि मूल त्याचंच निघालं. नारायण दत्त तिवारींचं प्रकरण आठवत असेलच. बाप जिवंत, माजी मुख्यमंत्री, पण रक्त द्यायला तयार नाही. मुलगा 2008 साली कोर्टात गेला, 2012च्या मे महिन्यात डेहराडूनला रक्त घेतलं, जुलैत निकाल उघडला. तो बाप असूनही गैरहजरच म्हणायचा.

याच्या उलट टोकाचा खटला आपल्या महाराष्ट्रातला, नागपूर खंडपीठाकडून दिल्लीला गेलेला. बायको आणि मुलगी पोटगी मागत होत्या. नवरा म्हणत होता, मूल माझं नाही. नागपूरच्या प्रयोगशाळेने सांगितलं, नाही. बायकोने पुन्हा तपासणी मागितली, हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेनेही तेच सांगितलं. 6 जानेवारी 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की कायद्याने धरलेली गोष्ट आणि विज्ञानाने दाखवलेली गोष्ट यांची टक्कर झाली तर विज्ञानाचं मानायचं. मुलीची पोटगी बंद. फक्त आजवर दिलेले पैसे परत घेऊ नका, एवढं सांगितलं. निकाल बरोबर असेल. जे नाही ते त्या माणसावर का लादायचं, हेही खरं. तरी ती मुलगी माझ्या मनातून जात नाही. तिने काय केलं होतं? तिच्या जन्माचा कागद दोन शहरांतल्या प्रयोगशाळांतून फिरून आला आणि तिला सांगितलं गेलं, तू कुणाची नाहीस.

बहुधा अशाच मुलांचा विचार करून 20 फेब्रुवारी 2023चा निकाल आला. तोही आपल्याच बाजूचा, पुण्याच्या एका कुटुंबाचा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा होता, त्यासाठी धाकट्या मुलाची टेस्ट हवी होती. पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने आणि मुंबई उच्च न्यायालयाने हो म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. हा निकाल देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक आपल्या कर्नाटकच्या बी. व्ही. नागरत्ना. त्यांनी जे म्हटलं त्याचा भाव असा की नवरा-बायकोच्या भांडणात मुलाला पुराव्याची वस्तू करू नका. बायकोचं वर्तन सिद्ध करायचं तर दुसरा पुरावा आणा. आपण कुणाचे, हा प्रश्न असा उठसूट विचारला जाऊ नये, हा मुलाचा हक्क आहे.

हे दोन निकाल शेजारी ठेवून मी बराच वेळ पाहिले. वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. वकील मंडळी त्यातला फरक कलमं लावून सांगतील. मला बाई म्हणून जो दिसतो तो इतकाच, की टेस्ट कोण मागतंय आणि कुणासाठी. बाळासाठी मागितलेली टेस्ट आणि बाळाच्या आईला पाडण्यासाठी मागितलेली टेस्ट, दोन्हींत नळी तीच, सुई तीच. पण त्या एकच नव्हेत. थलश्शेरीत ती मुलासाठी होती. केतुमतीच्या हातात तीच प्रयोगशाळा दिली असती तर ती कशासाठी वापरली गेली असती, सांगा.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं मला या वाचनात सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन 1826 साली वारला. त्याच्या घरच्या सॅली हेमिंग्ज या गुलाम बाईची मुलं त्याचीच, असं तिच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या सांगत आले होते. तिच्या एका मुलाने 1873 साली वर्तमानपत्रातून तसं उघड सांगितलंही होतं. कुणी मानलं नाही. राष्ट्राध्यक्षाच्या गोऱ्या नातवंडांनी तर आजोबांच्या भाच्यांकडे बोट दाखवलं. शेवटी 1998 साली तपासणी झाली. जेफरसनला कायदेशीर मुलगा जगलेला नव्हता, म्हणून त्याच्या चुलत्याच्या वंशातल्या पुरुषांचं रक्त घेतलं. सॅलीच्या धाकट्या मुलाच्या वंशजाशी ते जुळलं, भाच्यांच्या वंशाशी जुळलं नाही. तरीही काही जण म्हणत राहिले, जेफरसनचा भाऊ कशावरून नसेल? वाय सगळ्यांचं एकच ना. दोन शतकं जिची साक्ष 'ती गुलाम, ती बोलणारच' म्हणून बाजूला ठेवली, ती खरी निघाल्यावरसुद्धा फट शोधायला माणसं तयारच. मला वसंतमाला आठवली.

दुसरं उदाहरण अर्जेंटिनाचं. तिथे 1976 ते 1983 लष्कराचं राज्य होतं. तरुण पोरापोरींना उचलून नेलं, पुष्कळांचा पत्ताच लागला नाही. त्यात गर्भार मुली होत्या. तुरुंगात बाळंत झाल्या, त्यांना मारलं आणि बाळं लष्करी अधिकाऱ्यांच्या किंवा त्यांच्या ओळखीच्या घरांत वाटून टाकली. बापही नाही, आईही नाही. उरल्या आज्या. 1977 साली ब्वेनोस आयरिस शहरात या आज्यांनी संघटना काढली. बालवाड्यांबाहेर, बागांत उभं राहून मुलांचे चेहरे निरखायच्या. पण सापडलं तरी सिद्ध कसं करायचं? त्यांनी जगातल्या शास्त्रज्ञांना जाऊन विचारलं, आमच्या रक्तावरून आमचं नातवंड ओळखता येईल का? तोवर हा प्रश्न असा कुणी विचारलाच नव्हता. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आई-बापाला वगळून आजी-आजोबांवरून नातं ठरवायचं गणित बसवलं. त्यावरून 1984 साली पहिली मुलगी आपल्या आजीकडे परत आली. 1987 साली सरकारने रक्ताची एक बँकच काढली. आज्या तिथे रक्त देऊन ठेवू लागल्या. आपण मेल्यावर नातवंड शोधत आलं तर त्याला सापडावं म्हणून. आजवर 130हून जास्त सापडलीत. आता ती माणसं चाळिशी-पन्नाशीची आहेत.

म्हणजे बाप नसताना आजीच्या रक्तावरून नातं ठरवायचं हे शास्त्र मुळात आज्यांच्या मागणीवरून उभं राहिलं. सुनेला बाहेर काढण्यासाठी कुणी ते शोधलेलं नाही. आमच्या जिन्यातल्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. मुलीच्या वेणीला रिबन बांधत होती, ती बांधत राहिली.

आता पुराणाकडे परत येते, कारण मूळ तक्रार तिथेच आहे. गुहेत अंजनेला अमितगती मुनी भेटतात आणि तिच्या दुःखाचं कारण सांगतात. मागच्या भवात ती राणी होती, सवतीच्या द्वेषाने जिनमूर्ती बाहेर ठेवली होती, ते कर्म आता उदयाला आलं. कर्मसिद्धांत मी मानते, त्यावर वाद नाही. पण आमच्याकडे हे ऐकून श्रोते सुटकेचा श्वास टाकतात. झालं, अंजनेचंच कर्म. मग केतुमती कोण? नुसतं निमित्त? निमित्त म्हटलं की मोकळं सुटता येतं का? मला जेवढं समजतं त्यात अंजनेचं कर्म उदयाला आलं ते अंजनेचं, आणि त्या दिवशी केतुमतीने जे बांधलं ते केतुमतीचं. दोन वेगळ्या वह्या आहेत. पहिली वही वाचून दुसरी बंद करता येत नाही. हे मी बस्तीत विचारलं. माताजी हसून म्हणाल्या, बरोबर विचारलंस, पण आज वेळ झाली. वेळ खरंच झाली होती, सूर्यास्ताच्या आत घरी जाऊन जेवायचं होतं.

रविषेणांनी ती दुसरी वही उघडली आहे, हे मात्र सांगायला हवं. पवनंजय परत येतो, अंजना घरात नाही, तो वेड्यासारखा रानोरान हिंडायला लागतो. तेव्हा केतुमती रडते, पश्चात्ताप करते. मी विचार न करता हे काय केलं, म्हणते. पण तिथेही पाहा, तिला रडू कधी आलं? मुलगा हातचा जातोय म्हटल्यावर. मुलाने येऊन सांगितलं, ती रात्र खरी होती, कडं माझंच, तेव्हा तिला पटलं. सुनेचा शब्द तिने शेवटपर्यंत मानला नाही, मुलाचा मानला. हस्तिमल्ल या आपल्या दक्षिणेतल्या जैन नाटककाराने तेराव्या शतकात या कथेवर 'अंजनापवनंजय' नावाचं नाटक केलं. हेमचंद्रांनीही ही कथा सांगितली. त्या सगळ्यांत पवनंजय परत येतो. म्हणून कथा गोड शेवटाला जाते.

आमच्या जिन्यातला पवनंजय येणार नाही. तो नसताना केतुमतीला कोण सांगणार, ही कथा पुराणात नाही.

मुलगी येत्या डिसेंबरात चार पूर्ण करील. वारसाचा दावा चालू आहे, पुढची तारीख दिवाळीनंतरची. कोर्टाने आजी-आजोबांना रक्त द्यायला सांगावं असा अर्ज वकीलबाईंनी केलेला नाही, आणि मुलीचाही आता तसा आग्रह नाही. कायदा माझ्या बाजूचा आहे ना, मग माझी पोर मी कुणाच्या सुईखाली का धरू, असं ती मला परवा म्हणाली. तीन वर्षांपूर्वी मी तिला टेस्ट करून टाक म्हटलं होतं, त्याची मला लाज वाटली.

गेल्या आठवड्यात नव्या बसस्टँडवर तिच्या सासूबाई भेटल्या. आमची लग्नकार्यातली ओळख आहे. प्रकृतीची चौकशी झाली, पाऊस किती लांबला यावर बोलणं झालं. मग इकडेतिकडे बघत त्यांनी विचारलं, 'ती पोरगी शाळेला जाते का?'

'जाते की. बालवाडीत.'

थोडा वेळ गेला.

'दिसायला कुणावर गेलीय?'

मी म्हटलं, 'या की वहिनी एकदा बघायला.'

त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि बस लागली का ते बघायला पुढे गेल्या.